औसा रस्त्यावरील वस्तादांची व्यायामशाळा: अठरा महिन्यांचा अनुभव

लातूरमध्ये औसा रस्त्याला लागून, एका इमारतीच्या तळघरात असलेल्या या व्यायामशाळेत मी गेले अठरा महिने आठवड्यातून चार दिवस पहाटे जात आहे. इथे नाव नोंदवण्याचा विचार करणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगतो की, स्नायू फुगवणाऱ्या औषधांच्या आधाराशिवाय शरीर कमवायचे असेल आणि त्यातून नेमके किती मिळेल हे कुणाकडून तरी खरे ऐकायचे असेल, तर माझ्या माहितीत शहरात याहून चांगली जागा नाही. तीन महिन्यांत सिनेमातल्या नटासारखे दिसायचे असेल, तर मात्र इथे पैसे भरू नयेत. वस्ताद स्वतःच पहिल्या दिवशी तसे सांगून टाकतात आणि त्यामुळे दर महिन्याला दोन-चार मुले पैसे न भरताच परत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पहिल्या दिवशी वस्तादांनी मला वजनाला हात लावू दिला नाही. त्यांनी लाल कापडी बांधणीचे एक लांबट रजिस्टर काढले, माझ्या नावाचे पान उघडले आणि शिंप्याच्या टेपने मान, छाती, दंड, मनगट, कंबर, मांडी आणि पोटरी अशी सात मापे घेतली. टेप किती ओढायचा याविषयी ते फार काटेकोर आहेत. कातडी दबता कामा नये आणि माप व्यायामाच्या आधीच घ्यायचे, कारण चार सेट मारल्यावर स्नायूत रक्त भरून दंड सेंटिमीटरभर फुगतो आणि तो आकडा घरी पोहोचेपर्यंत उतरलेला असतो. त्यानंतर त्यांनी मला कोपर काटकोनात वाकवून दंड आवळायला लावला आणि स्नायूचा फुगवटा जिथे संपतो तिथपासून कोपराच्या घडीपर्यंतच्या मोकळ्या जागेत स्वतःची बोटे आडवी ठेवली. तीन बोटे बसली. “सर, ही जागा भरत नसती,” ते म्हणाले. “मास वर चढंल, जाडी येईल, पण हितं नसच राहनार. फोटोतल्या पोराचा दंड कोपरापासून उठतोय म्हणून तुमचाबी उठंल, असं मी म्हननार नाही.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आनुवंशिकतेचा पाठ मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आलो आहे, पण तो माझ्याच कोपरात बोटे रोवून कुणी समजावला नव्हता. वस्ताद म्हणाले ते शास्त्राला धरून आहे. स्नायूचा मांसल भाग किती लांब आणि त्याला हाडाशी जोडणारा कंडरा किती लांब, हे जन्मतः ठरलेले असते. व्यायामाने स्नायूतंतूंची जाडी वाढते, स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो ती जागा सरकत नाही. खांद्यांची रुंदी, कमरेच्या हाडाची रुंदी, पोटरीचा स्नायू किती खाली उतरतो, पोटाच्या वड्या समोरासमोर येतात की वरखाली, हे सारे त्याच प्रकारात मोडते. आपल्याकडे एखाद्याला ‘हाडापेराने रुंद’ म्हणतात किंवा एखाद्याचे ‘खाल्लेले अंगाला लागत नाही’ असे म्हणतात, तेव्हा आपण आनुवंशिकतेविषयीच बोलत असतो. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतूनही असेच दिसते की, माणसामाणसांतील स्नायूंच्या वजनात जो फरक आढळतो, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग आनुवंशिक असतो.

मात्र हा वारसा एखाद्या एकट्या जनुकाचा खेळ नसतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाचा शोध 1997 मध्ये लागला. त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू दुपटीहून अधिक वाढले, आणि बेल्जियन ब्लू जातीच्या गोवंशाचे दगडात कोरल्यासारखे पुठ्ठे याच जनुकातील बिघाडामुळे तसे असतात, हेही त्याच वर्षी कळले. 2004 मध्ये असा बिघाड असलेल्या एका जर्मन मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पण ही हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी उदाहरणे आहेत. तुमच्याआमच्या बाबतीत शेकडो जनुकांचा थोडाथोडा प्रभाव एकत्र येतो, आणि म्हणूनच थुंकीच्या नमुन्यावरून ‘तुमचे शरीर कोणत्या खेळाचे’ हे सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच मुद्द्यावर माझा वस्तादांशी मतभेदही आहे आणि परीक्षणात तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. मनगट मोजून ते मुलाच्या अंगकाठीचा अंदाज बांधतात आणि तो बोलून दाखवतात. चाकूर तालुक्यातील एका सडपातळ मुलाला त्यांनी माझ्यासमोर सांगितले की, तुझ्या हाडावर फार मास चढणार नाही. रुंद हाडाच्या माणसाच्या अंगावर सरासरीने अधिक स्नायू असतात हे खरे आहे, पण कोणाचे शरीर व्यायामाला किती प्रतिसाद देईल हे मनगट सांगू शकत नाही. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 585 स्त्री-पुरुषांकडून 12 आठवडे एकाच हाताचा, अगदी एकसारखा व्यायाम करून घेतला होता. दंडाच्या स्नायूचा आकार कुणाचा 2 टक्क्यांनी घटला, तर कुणाचा 59 टक्क्यांनी वाढला. ताकदीच्या बाबतीत कुणी जिथल्या तिथे राहिला, तर कुणाची ताकद साडेतीन पट झाली. एकच व्यायाम आणि तेवढेच आठवडे असताना ही तफावत पडते आणि ती आधी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग उपलब्ध नाही. चार-सहा महिने मन लावून केल्यावर रजिस्टरमधले आकडेच ते सांगतात. त्या मुलाने पुढच्या पाच महिन्यांत 6 किलो वजन कमावले आणि त्यात कंबर अवघी एक सेंटिमीटर वाढली. वस्तादांनी ते पान मला स्वतः दाखवले, हा त्यांचा मोठेपणा आहे, पण मनगटाची सवय त्यांनी अद्याप सोडलेली नाही.

भिंतीवर दोन गोष्टी लावलेल्या आहेत. एक म्हणजे आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जाणारा युजेन सँडो याचे जुने छायाचित्र. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण सँडो 1925 मध्ये वारला आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रयोगशाळेत वेगळे काढून कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले ते 1935 मध्ये. त्या छायाचित्रातील शरीर सुईने घडलेले असणे शक्यच नाही, त्यामुळे नव्या मुलाला ‘औषधाविना एवढे होऊ शकते’ हे दाखवायला ते चोख आहे. अर्थात सँडो हाही लाखांत एक होता, हे वस्ताद त्याच दमात सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताने लिहिलेला एक तक्ता. शरीरातील चरबी वगळून उरलेल्या वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे आणि आलेला आकडा 25 च्या आत असेल तर शरीर नैसर्गिक, त्यापुढे असेल तर औषधाचे, असा तो तक्ता आहे. याचे मूळ 1995 च्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. त्यात 157 खेळाडू होते, त्यांपैकी 83 स्टिरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी टेस्टोस्टेरॉनसारखी औषधे, घेणारे आणि 74 न घेणारे, आणि न घेणाऱ्यांचा आकडा साधारण 25 पर्यंत येऊन थांबत होता. परंतु 74 माणसांवरून साऱ्या मानवजातीची लक्ष्मणरेषा आखता येत नाही. त्याच संशोधकांनी स्टिरॉइडचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच्या काळातील, म्हणजे 1939 ते 1959 मधील ‘मिस्टर अमेरिका’ विजेत्यांचे आकडे काढले, तेव्हा त्यांची सरासरीच 25.4 आली होती. म्हणून या आकड्याच्या जोरावर कुणावर आरोप करू नये. स्वतःच्या अपेक्षा जमिनीवर ठेवण्यासाठी मात्र तो फार उपयोगी आहे. माझी उंची 170 सेंटिमीटर आहे. 25 हा आकडा गाठायचा तर चरबी वगळून माझे वजन 72 किलो हवे, म्हणजे बारा टक्के चरबी धरल्यास एकूण 82 किलो. आज माझ्या अंगावर चरबी वगळून अंदाजे 56 किलो आहे, म्हणजे माझा आकडा 19.4 येतो. मैलाचा दगड कुठे आहे आणि मी कुठे उभा आहे, हे मला त्या तक्त्याने दाखवले.

माझे रजिस्टरमधले पान इथे उघडून ठेवतो, कारण नव्या माणसाला जाहिरातीपेक्षा अशा पानाचा उपयोग जास्त होईल. वयाच्या 43 व्या वर्षी मी आलो तेव्हा वजन 64 किलो, दंड 30.5 सेंटिमीटर आणि कंबर 88 सेंटिमीटर होती, आणि खांद्यावर 40 किलो घेऊन बैठक मारताना गुडघे थरथरत. अठरा महिन्यांनी वजन 68 किलो, दंड 33.2 आणि कंबर 83 आहे, आणि 95 किलोंची बैठक मी पाच वेळा घेतो. दंडाची वाढ पहिल्या सहा महिन्यांत दीड सेंटिमीटर झाली, दुसऱ्या सहामाहीत आठ मिलिमीटर आणि शेवटच्या सहामाहीत फक्त चार मिलिमीटर. शर्टाच्या बाहीतून हा फरक बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. परंतु वाढ अशीच मंदावत जाते. पहिले वर्ष सर्वांत उदार असते आणि त्यानंतर दरवर्षी निम्म्याच्या आसपास मिळेल असे धरून चालावे, हे वस्तादांनी मला पहिल्या महिन्यातच सांगून ठेवले होते, म्हणून ते चार मिलिमीटर पाहून मी खचलो नाही.

हे सारे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे, त्याला घरातले कारण आहे. माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. शहराच्या दुसऱ्या भागातील एका चकचकीत जिममध्ये त्याला सांगण्यात आले की, नैसर्गिक पद्धतीने वर्षे लागतील, ‘कोर्स’ केलास, म्हणजे स्टिरॉइड घेतलेस, तर तीन महिन्यांत अंग भरेल. त्याने घरी न सांगता 18 हजार रुपये जमवले. गोळ्यांना वेष्टन नव्हते, त्या प्लॅस्टिकच्या पुडीत मोजून दिल्या जात आणि सुई तिथलाच एक मुलगा टोचत असे. अकरा आठवड्यांत त्याचे वजन 7 किलो वाढले, आणि आम्ही घरचे त्याचे कौतुक करत होतो, ही गोष्ट मला आजही बोचते. मग त्याच्या डाव्या स्तनाग्रामागे लिंबाच्या बीएवढी दुखरी गाठ लागली. रक्ताच्या तपासणीत चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल 19 पर्यंत घसरलेले होते. औषधे थांबवून चार महिने लोटले तरी त्याच्या शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन सामान्य पातळीच्या खाली होते. कमावलेल्या सातपैकी पाच किलो उतरले आणि तो दिवस दिवस खोलीबाहेर येईना. भरतीसाठी छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर अधिक लागते आणि 1600 मीटर पळावे लागते. छाती त्याची आधीपासूनच 84 होती. जे त्याला हवेच नव्हते त्यासाठी त्याने जे होते ते घालवले. आज तो याच तळघरात माझ्या शेजारी जोर मारतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतील पीयूष ग्रंथी वृषणांना काम करण्याचा निरोप पाठवणे थांबवते. वृषणे आकुंचन पावतात आणि शुक्राणूंची संख्या घटते. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग स्त्री-संप्रेरकात बदलतो, त्यातून छातीत गाठ येते. रक्त दाट होते, हृदयाची भिंत जाड होऊ शकते आणि तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा भार यकृतावर पडतो. आपल्याकडे ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. यात अलीकडे मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनची भर पडली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात, पण व्यायामाआधी ‘जोश’ यावा म्हणून मुले ते टोचून घेतात. राज्यात पोलिसांनी अशा कुप्यांचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. या औषधाने स्नायू वाढत नाहीत. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, थकवा जाणवत नाही आणि सवय लागते. वस्तादांना एकदा प्रसाधनगृहाच्या खिडकीत अशी रिकामी कुपी सापडली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी व्यायामशाळा बंद ठेवून सर्वांना जमिनीवर बसवले आणि ज्याची कुपी होती त्याला सर्वांसमोर न विचारता संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आले. तो मुलगा अजून येतो.

औषधे घेणाऱ्याशी स्वतःची तुलना करणे किती व्यर्थ आहे, हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून समजते आणि तो प्रत्येक जिममध्ये भिंतीवर लावावा असे मला वाटते. वजन उचलण्याचा अनुभव असलेल्या 43 निरोगी पुरुषांचे चार गट करून काहींना 10 आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, तर काहींना औषध नसलेले इंजेक्शन देण्यात आले. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे 2 किलोंनी वाढले. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे 3.2 किलोंनी वाढले. दोन्ही करणाऱ्यांचे 6.1 किलोंनी वाढले. घाम गाळणाऱ्यापेक्षा सुई घेऊन बसून राहिलेल्याची वाढ अधिक झाली! तेव्हा मोबाइलवर दिसणारा, अशी औषधे घेऊन उभा असलेला माणूस ‘फक्त मेहनत आणि शिस्त’ असे सांगतो, त्या वेळी तो ऐकणाऱ्या मुलाला त्याची मेहनतच कमी पडते असे वाटायला लावतो, आणि हा अन्याय मला त्या औषधांइतकाच घातक वाटतो.

आहाराच्या बाबतीत ही जागा मनापासून आवडण्याजोगी आहे. इथे प्रथिन-पावडरीचा एकही डबा विकला जात नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात, त्यापलीकडे स्नायूवाढीला फारसा फायदा दिसत नाही, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर आढळले आहे. माझ्यासाठी ती 109 ग्रॅम होतात आणि वस्तादांनी ती लातूरच्या बाजारातूनच बसवून दिली: 50 ग्रॅम सोयावडीतून 26, चार अंड्यांतून 25, अर्धा लिटर दुधातून 16, दोन वाट्या वरण-उसळीतून 18, तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून 18 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7. सोयाबीनच्या आडतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरातली पोरे सोयावडी सोडून परदेशी डब्याच्या मागे लागतात, याचे त्यांना फार वाईट वाटते. देशात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन-पावडरींची तपासणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत जवळपास 70 टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. घ्यायचेच असेल तर रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीच्या व्यायामाला मदत करणारी पूरक पावडर) घ्यावे, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे आणि बाकी सारे दुकानातच राहू द्यावे, हा त्यांचा सल्ला मला पटतो.

आता उणिवा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत शिकवणीवर्ग सुटलेल्या मुलांची एवढी गर्दी होते की बैठकांच्या रॅकसाठी अर्धा तास थांबावे लागते. तळघरात हवा खेळती नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत तीन पंखे पुरत नाहीत. महिलांसाठी सकाळी 11 ते दुपारी 1 एवढीच वेळ ठेवली आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ती निरुपयोगी आहे, आणि वरचे सारे शास्त्र स्त्रियांनाही तितकेच लागू असताना हे चुकीचे आहे. जोर, बैठका आणि दोरावर चढणे वस्ताद अप्रतिम शिकवतात, परंतु डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून उभे राहताना, पाठ कशी धरायची हे त्यांच्याकडून नीट समजत नाही. ते मला एका जुन्या सभासदाने शिकवले.

सर्वांत खटकणारी गोष्ट छोटी आहे. इथे सव्वा किलोच्या प्लेटा नाहीत. सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून एकदम 5 किलो वाढवावे लागतात. ज्याची वाढ मिलिमीटरने मोजली जाते, त्याला वजनही तेवढ्याच बारीक पायऱ्यांनी चढवता आले पाहिजे. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांच्या व्यायामशाळेत याच प्लेटा आधी असायला हव्यात, हे मी वस्तादांना दोनदा सांगितले आहे आणि दिवाळीनंतर मागवतो असे त्यांनी मान्य केले आहे.

शुल्क महिन्याला 600 रुपये असून सहा महिन्यांचे एकदम भरल्यास 3 हजार लागतात. प्रवेश शुल्क नाही. पहाटे पाचला दार उघडते. येताना स्वतःचा टॉवेल आणि पाण्याची बाटली आणावी आणि पहिल्या दिवशी बिनबाह्यांचा बनियन घालून यावे, म्हणजे मापे नीट घेता येतात.